डोळ्याला लावलेलं कुंकू

"सर, ड्रायव्हरनं नाक कोरलं तर तेसुद्धा त्या कॅमेऱ्यात दिसतं का?"

प्रश्न गौरवीच्या तोंडून सुटला, सभागृहाच्या पत्र्याला आपटला आणि हशा होऊन खाली आला. अकरावीचे तिन्ही वर्ग हसले, मागच्या बाकांवरच्या मुलग्यांनी बाकं बडवली, आणि रूपाली टीचरनी कपाळाला हात लावला तो नेमका हसू झाकायला. पैज संजनानं लावली होती, प्रियानं त्यात तेल घातलं होतं. "विचारलंस तर आजचं रस-आमलेट आमच्याकडून. नाय विचारलंस तर तू नुसती बाता मारणारी." आणि गौरवी उठली होती. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही जिचा आवाज घशातल्या घशात वाळायचा, ती गौरवी गोकुळदास हात वर करून उठली होती, माइक मागून घेतला होता, आणि 'सर' या शब्दानंतर छान श्वासभर थांबलीसुद्धा होती, सगळ्यांच्या माना वळेपर्यंत. रस्ता सुरक्षा सप्ताहासाठी आलेले ते टायवाले सर गाड्यांत असले कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीचे. त्यांच्या मागच्या पडद्यावर एक ड्रायव्हर केव्हापासून जांभई देत अडकून राहिला होता, चेहऱ्यावर हिरव्या ठिपक्यांची जाळी. सरांना प्रश्न आवडला. "दिसतं ना! नाक, कान, सगळं दिसतं," ते म्हणाले, "आणि नुसती गाडी चालू असतानाच नाही हं. गाडी बंद करून उभी केलेली असली, तरी सीटवर कोणी बसलं की हा जागा होतो. चोर बसला तर चोराचा व्हिडिओ थेट मालकाच्या ऑफिसात. तेव्हा मुलांनो, नाक घरीच कोरा!" पुन्हा हशा, पहिल्यापेक्षा मोठा. गौरवीही हसली. हसता हसता खाली बसली, प्रियानं पाठीत धपाटा घातला तो तिला कळलाही, पण हसण्यासाठी उघडलेलं तोंड मिटायचं राहून गेलं होतं. गाडी बंद करून उभी केलेली असली तरी. सीटवर कोणी बसलं की. आता खरा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता, आवाज? सर, आवाजसुद्धा ऐकू येतो का? आणि तो विचारायला तिचा हात मांडीवरून चार बोटं वर उठला आणि तिथेच राहिला.

कारण सरांचा तो चोर म्हणजे तीच होती. गाडी संदीपशेटची, पांढरी, नवीकोरी. शेटच्या बऱ्याच गाड्या मोपाच्या विमानतळावरून पाहुणे उचलून मोरजी-आश्व्याच्या हॉटेलांत नेऊन सोडतात, त्यातली एक तिचे पपा चालवतात. पहाटेची धाव संपवून पपा दुपारी घरी येत, गाडी अंगणात फणसाच्या सावलीला लावत, माशाचं हुमण-भात जेवत आणि आडवे होत. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. घर दोन खोल्यांचं, आणि दोन्ही खोल्यांना दार असं नाही, पडदे. पडद्याला कडी नसते. गौरवीला कधी रडावंसं वाटलं तर न्हाणीत जावं लागे आणि तिथे पाण्याचा आवाज केला नाही तर आई बाहेरून विचारायची, "काय गो, इतको वेळ?" मग एका दुपारी, मे महिन्यात, तिनं खिळ्यावरची किल्ली घेतली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि दार ओढलं. थप्प. इतकं मऊ, जाड, भरलेलं थप्प तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. कोंबड्या बंद झाल्या, शेजारचा टीव्ही बंद झाला, आईचं भांडी घासणं काचेपलीकडे मुकं झालं, आणि आत राहिली फक्त सीटच्या कापडाची गरम वासाची शांतता आणि समोर आरशाच्या पट्टीत तिचे स्वतःचे दोन डोळे. खोली! माझी! गौरवी एवढी हरखली की पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही, नुसती घाम गाळत बसून राहिली.

मग करू लागली. काय काय केलं तिनं तिथे! स्वतःचं नाव घेऊन बघितलं, हळू, मोठ्यानं, बक्षीस घ्यायला बोलावतात तसं, पोलीस बोलावतात तसं. वक्तृत्वाचं भाषण आरशाकडे बघून केलं आणि 'अध्यक्ष महोदय'नंतर किती थांबायचं ते तिथेच शिकली. दशावतारातला राक्षस केला, डोळे वटारून, स्टेअरिंगवर मुठी आपटून. गाणी म्हटली, ज्यांचे शब्द येत नव्हते तीही. बारावीतल्या साईशचं नाव इतक्या तऱ्हांनी उच्चारलं की शेवटी ते नाव राहिलंच नाही, नुसता एक गोड आवाज उरला. गणितात नापास झाली तेव्हा रडली, आणि रडताना आपण कशा दिसतो ते बघितलं, आणि इतकी वाईट दिसत होती की त्याचंच हसू आलं. आणि, हे आता सभागृहात बसल्या बसल्या आठवलं, संदीपशेटची नक्कल केली. एकदा नाही. गालात तंबाखू धरल्यासारखा गाल फुगवून, मान मागे टाकून, "गोकुळदास, गाडी पुसलंस की नुसतो हात फिरयलंस?" त्याच्याच गाडीत, त्याच्याच सीटवर, त्याच्याच डोळ्यादेखत. स्टेअरिंगच्या मागे, जिथे वेग दाखवणारे आकडे पेटतात त्याच्या वर, बोराएवढा काळा गोल होता. तिला तो माहीत होता. पपांनी सांगितलं होतं की तो रस्त्यावर झोप येऊ नये म्हणून बघतो. गाडी थांबली की रस्ता नाही, रस्ता नाही तर तो कशाला बघेल, असा तिचा साधा हिशोब. कित्येक दुपारी तिनं त्या चकचकीत गोलात बघून दातात अडकलेली कोथिंबीर काढली होती.

सुटीत कँटीनमध्ये रस-आमलेट मागवलं तिनं, तिखट रश्श्यात बुडवलेलं, पण गरम रस तोंडात फिरवत राहिली. "भियालंस काय गो? टीचर काय करूची नाय," प्रिया म्हणाली. सांगावं का यांना? सांगितलं तर पहिल्यांदा हसतील, मग विचारतील काय काय केलंस, आणि मग तिला सगळं पुन्हा करून दाखवावं लागेल. आतापर्यंत ते फक्त तिचं होतं. म्हणजे तसं वाटत होतं. घरी जाताना धारगळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर लांबलचक आरसा होता, त्यात सगळी बस दिसत होती, आणि गौरवी आज पहिल्यांदा खांबाच्या आड सरकून उभी राहिली. मग तिथून उभ्या उभ्या दसरा आठवायला लागला. तो तर विनोद होता! महिनाभर ती तो विनोद सांगत फिरली होती. दसऱ्याला आईनं गाडीची पूजा केली, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर टेकून आत हात घालून स्टेअरिंगला कुंकू, गिअरला कुंकू, आणि त्या काळ्या बोराला कुंकू. चांगलं बोटभर, पाण्यात कालवलेलं. "त्याका कित्याक लायतंस?" असं पपा ओरडेपर्यंत लावून झालं होतं. आई म्हणाली, "एवढोसो तो, त्याका एकट्याकच कोरडो कित्याक ठेवूचो?" गौरवी हसून हसून फणसाला टेकली होती. आणि नारळ फोडायच्या आधी फोन आला होता. आता तो फोन बसच्या खडखडाटातूनही स्वच्छ ऐकू आला. शेटच्या म्हापशाच्या ऑफिसातून. "गोकुळदास, कॅमेरो कित्याक धांपलो? काय दिसना." पपा आईच्या पदरानं ते कुंकू पुसत होते, फोन खांद्यात धरून, "सॉरी, सॉरी, बायलेन पूजा केली," म्हणत होते. गाडी अंगणात होती. इंजिन बंद होतं. किल्ली खिळ्याला होती. तरी त्यांना कळलं होतं, आई सीटवर टेकली हे, तिचं बोट पुढे आलं हे. त्या बोटाच्या मागे आईचा चेहरा असणार, पूजेचा, ओठांत काहीतरी पुटपुटणारा. गौरवीला तेव्हा हे सुचलं नाही म्हणून ती स्वतःवर इतकी चिडली की तिनं खांबाला नख रुतवलं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांतच किल्ली खिळ्यावरून नाहीशी झाली होती. पपा आता ती शर्टच्या खिशात घालून झोपायचे, कुशीवर वळले की ती खुळखुळायची. तिनं एकदा विचारलं तर म्हणाले, "हरवता गो खिळ्यार." खिळ्यावर किल्ली हरवते? तेव्हा तिला वाटलं होतं पपा म्हातारे व्हायला लागले. आता बस वळणाला झुकली आणि तिच्या आतही काहीतरी त्याच बाजूला झुकलं. पपांना माहीत आहे. पपांनी बघितलंय.

वळणावर गाव राखणाऱ्या देवाचं, राखणदाराचं स्थान आहे, कुंपण नाही, छप्पर नाही, आंब्याखाली एक दगड आणि त्याच्यापुढे विझलेल्या मेणबत्त्या. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, छातीला हात लावला. पपा तर इथे डोळे मिटायचे. लहानपणापासून ती बघत आली, आधीच्या भाड्याच्या रिक्षातही, एक हात सुटायचा, छातीशी जायचा आणि डोळे मिटून उघडायचे, पापणी नुसती लवते त्याहून जरासे जास्त. तेवढ्यात पपा कुठेतरी जाऊन येतात असं तिला वाटायचं. नव्या गाडीत पहिल्याच दिवशी ते डोळे मिटले आणि गाडी किंचाळली. टीं टीं टीं, आणि एक गोड बाई हिंदीत म्हणाली, आप थके हुए हैं, कृपया विश्राम करें. गौरवीला काय हसू आलं होतं! त्यानंतरही पपा मिटत राहिले आणि बाई विश्राम सांगत राहिली. मग ऑफिसातून सांगून आलं की गोकुळदासला त्याच वळणावर रोज डुलकी लागते. डोळा लागतो म्हणे! आता पपा वळणावर डोळे ताणून ठेवतात. हात छातीला जात नाही, फक्त हॉर्न वाजतो, तोही जरा घाबरल्यासारखा. आणि गौरवीच्या लक्षात यायला लागलं की ते डोळे घरी आल्यावरही तसेच ताणलेले असतात, जेवताना, टीव्हीसमोर, आई काहीतरी गमतीचं सांगत असताना. हसायच्या आधी ते क्षणभर थांबतात. जणू हसावं की नाही हे कुणाला तरी विचारून घेतायत. सरांच्या पडद्यावरचा तो जांभईत अडकलेला ड्रायव्हर आणि पपा, दोघांच्या चेहऱ्यावर एकच जाळी. तिनं आरशात न बघताही स्वतःचे गाल चाचपले. आपल्यालाही लागलीय का ती? सभागृहात आपण तो श्वास घेऊन थांबलो, मान वळवली, ते सगळं जिथे शिकलो तिथे म्हापशाच्या ऑफिसातली पोरं खुर्च्या टेकवून बसलेली होती का, चहा पीत? म्हणजे आपला हा नवा आवाज, जो आपल्याला एकटेपणात सापडला असं आपण समजत होतो, तो एकटेपणात सापडलाच नव्हता का? हा विचार सगळ्यांत वाईट होता. तो घेऊनच ती बसमधून उतरली.

घरी पपा उठून दुसऱ्या धावेच्या तयारीत होते. आई ओसरीवर त्यांच्यासाठी चहा आणि कालचा उंडो पाव तव्यावर गरम करून घेऊन आली होती. गौरवीनं दप्तर ठेवलं, आईचा फोन उचलला. फिजिक्सच्या टीचरनी एकदा गंमत दाखवली होती, रिमोटमधून निघणारा जो उजेड डोळ्यांना दिसत नाही तो फोनच्या कॅमेऱ्यात दिसतो. पपा गाडीत बसले, दार थप्प लागलं. तिनं काचेबाहेरून फोन धरला. आधी काही नाही. मग पडद्यावर त्या काळ्या बोराच्या दोन्ही बाजूंना फिकट जांभळे दोन ठिपके पेटले, काजव्यासारखे, पण न लुकलुकणारे, आणि पपांचा चेहरा त्या जांभळ्यात धुऊन निघाला. इंजिन अजून सुरू नव्हतं. तिनं फोन खाली केला तर पपा नेहमीचे, सावळे, दुपारच्या उन्हातले. वर केला की जांभळे. खाली, वर. आणि सीटवर टेकताच त्यांचे डोळे कसे ताणले गेले तेही तिनं बघितलं. तिनं काच वाजवली.

"काय गो? उशीर जाता."

"पपा, तुमी माका ह्याच्यात बघल्यात?" काच अर्धी खाली आली होती. "ऑफिसात? बघल्यात तुमी?"

पपांनी काच वर घेतली. त्यांनी आधी बोट ओठांवर ठेवलं. मग गाडीतून उतरले, दार लावलं, लागलं की नाही ते ओढून बघितलं, आणि अंगण ओलांडून तुळशीपलीकडे, माडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले. गौरवी मागोमाग. आई हातात चहाचा पेला घेऊन. तिघं स्वतःच्या अंगणात अशी कुजबुजत उभी राहिली, जणू गाडीत कुणी परका माणूस झोपलाय.

"दसऱ्याच्या मागीर बोलावलेलो माका," पपा म्हणाले. "कुंकवाखातीर. तेव्हा व्हिडिओ दाखवलो. म्हणाले, ही कोण गाडीत बसता रोज? मी म्हटलां, माझा चेडू."

"कसलो दाखवलो?" आई म्हणाली. "काय केलां हिणा?"

"काय करूक नाय गो. गाणी म्हणी. हसता. रडता."

रडता. गौरवीच्या कानशिलांवर उष्ण पाणी ओतल्यासारखं झालं. "आवाज आसा त्याका?"

"आवाज नाय. नुसता तोंड हालता." पपांनी माडाच्या खोडावरून हात फिरवला, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "गाल फुगवन कोणाची नक्कल केल्लंस ती शेटाक कळाक नाय. तो म्हणालो, दाढ दुखता काय चेडवाची? माका कळली."

क्षणभर तिला हसायलाच आलं, खरोखरीचं, आणि पपाही हसणार होते, आणि मग थांबले, नेहमीसारखे. त्या थांबण्यानं तिचं हसू वाळून गेलं. "अजून कोणी बघलां?"

"ऑफिसातली पोरां," पपा म्हणाले. त्यांना सांगायचं नव्हतं. "हिरॉईन म्हणतत. मी गेलय की विचारतत, हिरॉईन कशी आसा. म्हणान किल्ली खिशात घाली. म्हटलां, बसूकच नको तुया. तुका सांगून कित्याक तुझा तोंड उतरवूचा?"

म्हणजे किल्ली त्यासाठी होती. तिला वाटत राहिलं होतं की पपा विसरभोळे झाले, आणि पपा कुशीवर वळताना तिची खोली खिशात धरून झोपत होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा शर्टचा खिसा किल्लीच्या भारानं ओघळला होता. त्यांच्यावर रागवावं की त्यांना मिठी मारावी हे तिला ठरवता येईना, कारण त्या पोरांसमोर ते गप्प उभे राहिले असणार, सॉरी म्हणाले असणार, हिरॉईनवर हसलेही असणार थोडे, नोकरीपुरते. आणि कुठल्यातरी मशीनमध्ये अजून तिचं तोंड हलत होतं, बिनआवाजाचं, 'अध्यक्ष महोदय' म्हणत, साईश म्हणत, रडत, आणि कुणीही चहा पिता पिता ते पुन्हा लावू शकत होतं.

"जावंदे गो आता," आई म्हणाली. "परत बसू नको म्हणजे झाला. गाडी शेटची, तो डोळो शेटचो. आमी काय बोलतले? उद्यां गाडी काढून घेतली तर पपा काय करतलो? परत भाड्याची रिक्षा?"

खोडाला पाठ टेकवून पपांनी डोळे मिटले. राखणदारासमोर मिटायचे तसे, तेवढेच, हातसुद्धा नकळत छातीशी गेला. गौरवी टीं टीं वाजण्याची वाट बघत राहिली. काही वाजलं नाही. माडाच्या झावळ्या घासल्या, शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी हसलं. पपांनी डोळे उघडले तेव्हा ते पूर्वीचे होते, कुठूनतरी जाऊन आलेले, आणि ते तिच्याकडेच बघत होते. तिचा उजवा हात मांडीवरून वर उठला होता, सभागृहात राहिला होता त्याच्याही वर. ह्या वेळी संजनानं ढोसलं नव्हतं, प्रियानं तेल घातलं नव्हतं. आणि तरी 'आई' म्हणून झाल्यावर ती छान श्वासभर थांबली, दोघांच्या माना वळेपर्यंत.

"आई, पपा, गाडी शेटची आसा. डोळो शेटचो आसा. तोंड माझा आसा. उद्यां कॉलेजाक जाणा नाय मी. पपांबरोबर म्हापशाक ऑफिसात येतलंय. माझा काय काय ठेवलां हा आणि कोणी कोणी बघलां, ता शेटाक विचारतलंय, आणि माझ्यासमोर पुसूक लायतलंय. आईचा कुंकवाचासुद्धा. पपा, तुमी दारात उभे रवलात तरी चलात. पण मी भितर जातलंय."